परवा

सहा आठवडे, शायनी मिस म्हणाल्या,
आणि फळ्यावर तारीख लिहून तिच्याभोवती चौकट काढली.
चौकटीचा एक कोपरा जुळलेला नव्हता.
तास संपेपर्यंत मी त्या फटीतून ये-जा करत होते.

विषय : समुद्राचं पाणी गोडं कसं होतं.
फहाहीलमध्ये नळ सोडला की येतं ते,
कोणी काही न विचारता पितो ते.

बाबा रिफायनरीत शटडाऊनचं वेळापत्रक आखतात,
कुठला व्हॉल्व्ह, कुठल्या दिवशी, किती वाजता, कोण.
त्यांनी मला एक मोठा कागद आणून दिला.
बेचाळीस रकाने, आडव्या पट्ट्या.
म्हणाले, एवढा मोठा प्लांटसुद्धा आम्ही असाच हळूहळू थांबवतो.
मला थांबायचं नव्हतं, बाबा. सुरू व्हायचं होतं.
पण पट्ट्या सुंदर होत्या.
त्या रंगवण्यात तीन संध्याकाळी गेल्या.

मग मी मीठ केलं.
सतरा वाट्या. खिडकीत, कपाटावर, एक फ्रीजच्या मागे.
वहीत एक ओळ नाही.
मग मोती काढणारे पाणबुडे सापडले,
नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून उतरणारे.
रात्री दीडपर्यंत मी त्यांच्याबरोबर खाली होते.
वर आले तेव्हा पाचवा आठवडा संपत होता.

प्रगतिपुस्तकात पहिलीपासून एकच वाक्य आहे :
हुशार आहे, पण.
मी त्या पण-च्या पलीकडे राहते.
सालमियाच्या डॉक्टरांनी त्याला चार इंग्रजी अक्षरं दिली.
आईने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवलाय,
दुकानाच्या पावत्यांमध्ये.

तरी परवा तिच्या तोंडून गेलंच,
तुला कशाची पर्वाच नाही.

होऊन गेलेला परवा आणि यायचा परवा
यांना आपल्याकडे एकच शब्द.
शाळेत सांगितलं तर अ‍ॅन्सी हसली, मल्याळममध्ये दोन आहेत म्हणे.
मला मात्र वाटलं, कोणीतरी माझी सोय करून ठेवलीय.
द्यायचं होतं परवा, द्यायचं आहे परवा,
दोन्ही सारखेच लांब,
आणि मधे हा अवाढव्य आज, ज्यात मीठ, पाणबुडे, सगळं मावतं.
पर्वा लिहायला फक्त एक रफार जास्त लागतो.
तो मी देते, आई. रोज देते.
डोक्यावर असतो, म्हणून खालून दिसत नसेल.

गुरुवारी रात्री ती मेथीची जुडी घेऊन माझ्या टेबलाशी आली.
म्हणाली, बोलणार नाही. नुसती बसते.
मेथी निवडून झाल्यावर तिने अरबीचं पुस्तक काढलं.
त्यात खूण गेल्या हिवाळ्यापासून नवव्या धड्यावर आहे.
ज्या कपाटातून काढलं, तिथेच
एका बाहीचा स्वेटर,
ड्रायव्हिंगचा अर्धा भरलेला फॉर्म.
मी तिच्याकडे पाहिलं.
तिने धड्यातून मान वर केली नाही.

परात. खारं पाणी. मधोमध अठरावी वाटी.
वर ताणून प्लास्टिक, त्यावर एक गोटी.
शुक्रवारी सकाळी गॅलरीत ठेवलं.
आई म्हणणारच होती, थेंबे थेंबे,
आणि थांबली. बरं केलं.
मला नेहमी तळंच दिसत आलंय.
आता एक थेंब लोंबत होता, गोटीच्या बरोबर खाली,
फुगत होता, पडत नव्हता,
आणि मी तिथेच होते.

वहीत लिहिलं : अकरा दहा.
अकरा चौदा.
अकरा एकोणीस.
चौथ्याची जागा रिकामी आहे,
समोरच्या गच्चीवरून कोणीतरी कबुतरं सोडली होती.
पाचवा आहे.

रविवारी द्यायचं आहे.
बाबांच्या कागदावरच्या पट्ट्या अजून तशाच, निळ्या-जांभळ्या.
संध्याकाळपर्यंत वाटीत दीड चमचा जमलं.
अर्धा चमचा आईने चाखला.
गोडं आहे, म्हणाली, जरा प्लास्टिकचा वास येतो.
तेही लिहिलं.